यंत्र, खेळ आणि कला

घरोघरी हल्ली एक वाद नेमाने रंगलेला दिसतो. सुटीच्या दिवशी मुलगा मोबाइल हाती घेऊन पडद्यावरील खेळात गढून गेलेला असतो. आई जेवायला हाक मारते. ती त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. अखेर आजोबा चिडून म्हणतात, "या यंत्राने पोरांची बुद्धी पार गिळून टाकली! यात ना विद्या, ना कला!" नातूही मागे हटत नाही. "आजोबा, यातले हे डोंगर पाहा, हे संगीत ऐका. ही कला नाही, तर दुसरे काय?" असे तो विचारतो. दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांच्याही बोलण्यात सत्याचा अंश असतो. म्हणूनच हा वाद हसून सोडून देण्याजोगा नाही. त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

नव्या यंत्राविषयी अशी शंका आजच घेतली जात आहे, असे मात्र नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये छायाचित्रणाची एक पद्धत जगापुढे जाहीर झाली. कुंचला हाती न धरता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने माणसाचे हुबेहूब चित्र उमटू लागले. पुष्कळांना आनंद झाला. पण काही रसिक अस्वस्थही झाले. बोदलेअर या थोर फ्रेंच कवीने १८५९ साली छायाचित्रणावर कडक टीका केली. शास्त्रांची व कलांची नम्र दासी, एवढीच त्याची योग्यता आहे, असे त्याचे मत होते. आज त्या मताशी सहमत होणारे फारच थोडे आढळतील.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत दाखविला गेला. त्या काळी चित्रपटाच्या नव्या धंद्याला समाजात प्रतिष्ठा नव्हती. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. फाळक्यांचा कॅमेरा विलायतेहून आणलेला होता. तसे कॅमेरे इतरांजवळही होते. परंतु त्या कॅमेऱ्याने काय पाहावे, हे फाळक्यांच्या दृष्टीने ठरविले. मोठा चित्रपट हाती घेण्यापूर्वी त्यांनी पेरलेल्या वाटाण्याला अंकुर कसा फुटतो व त्याचा वेल कसा वाढतो, याचे कित्येक दिवस थोडे थोडे चित्रण केले होते. वेल तर सर्वांच्याच डोळ्यांदेखत वाढत असतो. पण त्याचे वाढणे कोणाला दिसत नाही. फाळक्यांनी ते दाखविले. यंत्र हे साधन आहे आणि त्याच्यामागे उभा राहून पाहणारा माणूस हा कलावंत आहे, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

व्हिडिओ गेमचा आरंभही असाच साधा होता. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एक युक्ती केली. प्रयोगशाळेतील एका उपकरणाच्या लहानशा गोल पडद्यावर त्याने प्रकाशाचा एक ठिपका टेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे उडविला. पाहुण्यांनी तो खेळ खेळण्यासाठी रांगा लावल्या. त्या ठिपक्यापासून निघालेला हा प्रवाह पुढे फार रुंद झाला. २०१२ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहासाठी निवडले. ज्या वास्तूत नामवंत चित्रकारांची चित्रे जपून ठेवली आहेत, तेथे या खेळांनाही स्थान मिळाले.

हे सर्वांना रुचले असे नाही. रॉजर ईबर्ट या नामांकित अमेरिकन चित्रपट-समीक्षकाने त्यापूर्वीच, २०१० साली, व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत, असे ठामपणे लिहिले होते. खेळाला नियम असतात, गुण असतात, जिंकणे-हरणे असते. कलाकृती मात्र कोणी 'जिंकत' नाही, तिचा अनुभव घेतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. या म्हणण्यात तथ्य आहे. पण जिंकणे-हरणे असले म्हणजे दुसरे काहीच नसते, असे म्हणता येईल काय? जुन्या काळी आपल्याकडे मोक्षपट खेळत. त्यात सोंगट्या वर चढत, खाली घसरत, कोणी जिंके, कोणी हरे. तरीही त्या पटाची शिडी सद्गुणाची असे आणि साप दुर्गुणाचा असे. पट आखणाऱ्याने त्या घरांत आयुष्याविषयीचा आपला विचार भरून ठेवलेला असे. तेव्हा खेळ आहे की नाही, हा प्रश्न नसून, त्या खेळात करणाऱ्याने काय ओतले आहे, हा खरा प्रश्न होय.

कलावंत पुष्कळ साधनांमुळे मोठा होतो, अशी एक भ्रामक समजूत असते. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकारांकडे पाहावे. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा मोजक्या आकृत्या, एवढ्याच सामग्रीवर ते पेरणी, कापणी, लग्नाचा चौक आणि तारपानृत्याचा फेर जिवंत करतात. जिव्या सोमा म्हसे यांनी या चित्रांची कीर्ती साऱ्या जगात पोहोचविली. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

पडद्यावरील खेळांचा इतिहासही हेच सांगतो. १९८१ साली शिगेरू मियामोतो या जपानी कलाकाराला एका खेळासाठी छोट्या माणसाचे चित्र तयार करायचे होते. त्या वेळच्या यंत्रावर चित्रासाठी अगदी थोडे ठिपके मिळत. तेवढ्या ठिपक्यांत तोंड नीट दिसेना, म्हणून त्याने मोठे नाक व मिशी काढली. केस साधेनात, म्हणून डोक्यावर टोपी ठेवली. तोच पुढे 'मारिओ' या नावाने जगभरच्या मुलांचा सोबती झाला. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाझित्नोव या संशोधकाने 'टेट्रिस' हा खेळ रचला. त्याच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. त्याने कळफलकावरील कंस वापरून चौकटी तयार केल्या. पण त्यामागची कल्पना त्याला आवडणाऱ्या एका जुन्या कोड्यातून, आकृत्या एकमेकींत बसविण्याच्या खेळातून, आलेली होती. यंत्र दुबळे होते. माणसाची कल्पना दुबळी नव्हती.

मियामोतोच्या बालपणीची एक हकिकत या विषयावर फार चांगला प्रकाश टाकते. क्योतो शहराजवळच्या एका लहान गावात तो वाढला. आसपासच्या टेकड्यांवर, रानांत, ओढ्याकाठी तो एकटाच हिंडत असे. एकदा त्याला एका गुहेचे तोंड दिसले. आत मिट्ट काळोख होता. आत जावे असे वाटे, पण धीर होत नसे. शेवटी एके दिवशी हाती कंदील घेऊन तो आत शिरला. पावलागणिक छाती धडधडत होती. पुढे काय असेल, हे ठाऊक नव्हते. पुष्कळ वर्षांनी, १९८६ साली, त्याने 'द लीजंड ऑफ झेल्डा' हा खेळ तयार केला. त्यात एक लहान नायक रानावनांतून आणि गुहांमधून वाट शोधीत फिरतो. लहानपणी त्या टेकड्यांवर आणि त्या गुहेत जे भय आणि जो आनंद अनुभवला, तोच त्याला खेळणाऱ्या मुलांच्या हाती द्यावयाचा होता.

येथे थांबून प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा. मियामोतो लहानपणी त्या टेकडीवर गेलाच नसता तर? दिवसभर खोलीचे दार लावून, दुसऱ्या कोणी रचलेल्या गुहेत तो बोटांनी फिरत बसला असता तर? त्याच्या खेळातील गुहा मग कोठून आली असती? पडद्यावरची कला पडद्यावर जन्म घेत नाही. ती ओल्या मातीत, ओढ्याच्या पाण्यात, अंधाराच्या भीतीत आणि मित्राच्या सोबतीत जन्मते. पडद्यावर ती केवळ प्रकट होते. जो मुलगा केवळ पडद्यातच रमतो, तो दुसऱ्याच्या बालपणावर आपले बालपण काढतो आणि त्याचे स्वतःचे बालपण मात्र रिकामेच राहते. आजोबांच्या रागामागे खरे दुःख असते ते हेच; त्यांना ते नीट शब्दांत मांडता येत नाही, एवढेच.

दुसरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सर्वच खेळ कलावंताच्या हेतूने रचलेले नसतात. काही खेळ मुलाला काही देण्यासाठी नव्हे, तर त्याला जागचे उठू न देण्यासाठीच रचलेले असतात. थोडे थोडे बक्षीस दाखवायचे, पुढच्या डावाची ओढ लावायची आणि वेळेबरोबर वडिलांचे पैसेही हळूच काढून घ्यायचे, अशी त्यांची रीत असते. खेळण्यावर ताबाच राहत नाही, अशा अवस्थेची गणना जागतिक आरोग्य संघटनेने आता विकारांत केली आहे. तिच्या आजारांच्या नव्या यादीत तो विकार समाविष्ट असून ती यादी २०२२ च्या आरंभापासून लागू झाली आहे. कला आणि आमिष यांतील फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. खरी कला माणसाला सोडून देते आणि सोडताना त्याची दृष्टी अधिक तीक्ष्ण करून सोडते. चांगले चित्र पाहून बाहेर आलेल्या माणसाला संध्याकाळच्या आभाळाचे रंग अधिक स्पष्ट दिसतात. आमिष मात्र सोडीत नाही. आणि सोडलेच, तर डोळे शिणलेले व मन चिडखोर झालेले असते. खेळ बंद केल्यावर मुलाने स्वतःच्या मनाकडे पाहावे. त्याला उत्तर आपोआप मिळेल.

तथापि, सारा दोष मुलांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ज्या मैदानांवर मुले खेळत, तेथे अनेक ठिकाणी आज इमारती किंवा वाहनांच्या रांगा उभ्या आहेत. रस्ते वाहत्या गाड्यांनी भरले आहेत. मुलाला रागे भरणारी वडील माणसेही पुष्कळदा स्वतः हातातील मोबाइलवरून दृष्टी काढीत नाहीत. मुलांनी टेकडीवर जावे, अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी टेकडी राखली पाहिजे. आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्या सोबत चालत गेलेही पाहिजे.

२०२० साली पुण्यातील काही तरुणांनी 'राजी' नावाचा व्हिडिओ गेम तयार करून जगापुढे ठेवला. आपल्या लहान भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी त्याची नायिका आहे. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुशिल्प आणि बाहुल्यांचा छायाखेळ यांचा त्यात उपयोग केला आहे. अशा प्रकारे, आपल्या मातीत जे आहे तेही या नव्या यंत्रावर उमटू शकते. ते उमटविणारे हात उद्या कोणाचे असतील? कदाचित आज शाळेच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीचे किंवा मुलाचे असतील.

म्हणून त्या घरातील वाद मिटविण्याचा मार्ग अवघड नाही. नातवाने आजोबांना आपला खेळ दाखवावा आणि त्यातील सुंदर गोष्टी समजावून सांगाव्यात. मग आजोबांनी त्याला गावाबाहेरच्या ओढ्यावर न्यावे आणि पाण्यातील मासोळ्या, काठावरची वारुळे, संध्याकाळी परतणारे बगळे दाखवावेत. उद्या त्या मुलाच्या हाती कोणते यंत्र येईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण ते यंत्र हाती आल्यावर त्यात ओतण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःचे असे काही असले पाहिजे. कंदील तर पुष्कळ मिळतील. गुहेत मात्र ज्याचे त्यानेच शिरावयाचे असते.