शिस्त म्हणजे आखडणं नव्हे

बंगळुरूला पोस्टिंग आहे म्हटलं की लोक हवा आणि ट्रॅफिक विचारतात. मला इथल्या स्नूकर टेबलाबद्दल लिहायचं आहे. लिहायचं कसलं, भांडायचंच आहे.

पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी याच शहरात अरविंद सवूर यांच्या हाताखाली तयार झाला आणि २००३ मध्ये स्नूकरचा हौशी जगज्जेता झाला. त्यामुळे की काय, इथे टेबलाशेजारी एक तरी स्वयंघोषित उस्ताद उभा असतोच. नव्या माणसानं क्यू उचलला की कवायत सुरू: "छाती खाली! हनुवटी क्यूला! डावा हात ताठ!" पंचविशीतल्या लेफ्टनंटला ते जमतं. पण एसएलआरचे धक्के आणि पिठ्ठूचे पट्टे वीस-पंचवीस वर्षं खांद्यावर झेललेल्या माणसाचं काय? तो चार दिवस दात-ओठ खाऊन वाकतो, पाचव्या दिवशी बाम चोळतो आणि महिन्याभरात टेबलाकडे फिरकत नाही. उस्तादांचं उत्तर ठरलेलं, "पहले-पहले दर्द होता है, साहब."

का व्हावा? फौजी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. ती शिस्त रेंजवर आपण कशी शिकवतो? पोझिशन घे, डोळे मिट, श्वास सोड, डोळे उघड. रायफल निशाण्यावरून सरकली असेल तर हातानं ओढू नकोस, अख्खं शरीर हलव. ताणलेला स्नायू थरथरतो आणि गोळी भरकटते. हे ज्याला तोंडपाठ आहे तोच माणूस टेबलावर येऊन दुसऱ्याचा खांदा पिळतो!

स्नूकरच्या फटक्यात खांद्याला काम जवळजवळ नाहीच. दंड स्थिर, कोपर म्हणजे बिजागरी, झुलायचं ते फक्त मनगटापर्यंतच्या हातानं. पकड पाखरू धरल्यासारखी सैल. क्यू आवळला की ताण थेट मानेपर्यंत चढतो. पुढचा हात ताठ करून त्यावर धड टेकलं की डावा खांदा गेलाच. कोपर थोडं वाकवा, जमेल तिथे हात टेबलावर टेकू द्या, भार पायांवर ठेवा. गुडघा वाकवावासा वाटला तर वाकवा. हनुवटी क्यूपासून चार बोटं वर राहिली तर राहू दे. नेम थोडा कठीण होईल हे मान्य, पण खेळ सुटण्यापेक्षा बरं. आणि शॉटच्या रेषेत मागून चालत या. बाजूला उभं राहून कंबर पिळत खाली जाऊ नका. एवढं करूनही रात्री खांदा ठणकत असेल तर क्यू ठेवून डॉक्टर गाठा, तिथे मर्दुमकी नको.

"पुस्तकात असं नाही" म्हणणाऱ्यांसाठी जो डेव्हिस. उजवा डोळा अधू म्हणून हा गडी क्यू डाव्या डोळ्याखालून चालवायचा. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा विश्वविजेता. शरीर जसं होतं तसा त्यानं खेळ बसवला.

मुळात हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं पावसाळ्यात वेळ जावा म्हणून जुळवला, असं सांगतात. (हा पंतप्रधान चेंबरलेन नव्हे.) 'स्नूकर' म्हणजे तेव्हाच्या फौजी बोलीत अकादमीतला कच्चा कॅडेट. जो खेळ विरंगुळ्यासाठी जन्मला, त्याचा रगडा आपण केला.

सगळ्यात राग येतो तो रेस्ट वापरणाऱ्याला हसणाऱ्यांचा. टेबल बारा फुटांचं. मधला चेंडू लांब असेल तर एक पाय हवेत, पोट लाकडावर आणि खांदा कानाला लागेपर्यंत ताणलेला, असा तमाशा करण्यात कसली शान? नियमाला एक पाय जमिनीवर पुरतो, खांद्याला पुरत नाही. रेस्ट त्याच कामासाठी टेबलाखाली टांगलेला असतो. तुमच्या क्लबात त्याचं पितळी डोकं सैल झालं असेल, बहुतेक ठिकाणी झालेलंच असतं, तर आजच सेक्रेटरीसाहेबांना सांगून ते बसवून घ्या.