देवाच्या शेतातील कुंपण

पूर्वजांची थडगी शोधत फिरणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे. आत्मा देवाच्या हाती गेल्यावर उरलेल्या मातीची चौकशी कशाला, असे आपल्यातील काही सुविद्य मंडळी मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. या मताला आमचा स्पष्ट विरोध आहे. तो मांडण्यासाठी आम्ही उदाहरण घेतो ते आपल्या धर्मसभेबाहेरचे, मोरेव्हियन बंधुसंघाचे. नोंद ठेवण्यातील असाधारण निष्ठा आणि नोंदविलेल्याच माणसांशी केलेला द्रोह, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच दप्तरात सापडतात.

मोरेव्हियातून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांनी १७२२ मध्ये सॅक्सनीत काउंट त्सिन्त्सेनडोर्फ यांच्या जहागिरीवर हेर्नहूट हे गाव वसविले. त्यांच्याच परंपरेतून अमेरिकेत १७४१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम आणि १७६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील सेलम ही गावे उभी राहिली. दफनभूमीला हे लोक ‘देवाचे शेत’ म्हणतात. तेथे उंच क्रूस नाहीत, संगमरवरी देवदूत नाहीत. जमिनीलगत आडवे ठेवलेले साधे, सारखे दगड. मरणात कोणी थोर नाही, कोणी लहान नाही, हे तत्त्व त्यांनी दगडाच्या मापातच उतरविले. (आपल्याकडील कुटुंबांच्या खाजगी कबरी पाहिल्यावर या साधेपणाचा हेवा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.)

पण याच साधेपणामुळे शोध घेणारा चकतो. पणजी पणजोबांच्या शेजारी असेल असे धरून चाललात तर ती सापडणार नाही. मंडळी कुटुंबवार नव्हे, गणवार पुरली जात: विवाहित पुरुष एकीकडे, विवाहित स्त्रिया दुसरीकडे, अविवाहित बंधू, अविवाहित भगिनी आणि मुले आपापल्या जागी. म्हणून आधी मृत्यूच्या वेळी ती व्यक्ती कोणत्या गणात होती हे ठरवायचे, मग मंडळीच्या नोंदवहीतून मृत्यूची तारीख काढायची. त्या गणातील ओळी दफनाच्या क्रमाने भरत जात असल्याने आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून जागेचा अंदाज येतो. जुनी पाने जर्मन भाषेत आणि जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात आहेत. ते वाचणे आधी शिकावे लागते. हे सारे केल्यावर कधीकधी हाती लागते ती जीवनकथा. प्रत्येकाने स्वतःच्या आत्म्याचा वृत्तांत लिहावा किंवा सांगावा, मृत्यूनंतर दुसऱ्याने तो पूर्ण करावा आणि अंत्यविधीत तो वाचला जावा, असा तेथे प्रघात होता.

या प्रघातानेच एका गुलामाचे मूळ नाव आपल्यापर्यंत आणले. ओफोदोबेंदो वूमा हा इग्बो मुलगा १७२९ च्या सुमारास जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, पुढे बेथलेहेममध्ये आंद्रेआस झाला आणि १७७९ मध्ये वारला. त्याची जीवनकथा दप्तरात आहे. मालकांच्या हिशेबवहीत ज्यांची फक्त किंमत लिहिली जाई, अशांपैकी किती जणांविषयी हे म्हणता येईल?

येथवर स्तुती झाली. आता दुसरी बाजू. सेलममध्ये कुंभारकाम करणारा कृष्णवर्णीय पीटर ऑलिव्हर १८०० मध्ये गुलामीतून सुटला आणि १८१० मध्ये वारला. त्याला गोऱ्या बंधूंबरोबर देवाच्या शेतातच मूठमाती मिळाली. अवघ्या सहा वर्षांनी, १८१६ मध्ये, कृष्णवर्णीयांसाठी वेगळी दफनभूमी ठरली. दगडाचे माप सारखे राहिले, पण शेतात कुंपण आले. पुढे त्या वेगळ्या दफनभूमीवर चर्चची इमारत वाढली, काही थडगी तिच्याखाली गेली आणि १९१३ मध्ये उरलेले दगड उचलून इमारतीखाली टाकण्यात आले. पुरातत्त्वज्ञ लेलंड फर्ग्युसन यांनी या जागेचा आणि दप्तराचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा कुंपणाचा इतिहास पुन्हा उजेडात आला. २००६ मध्ये त्या प्रांताच्या धर्मसभेने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल क्षमा मागितली. दप्तर नसते तर क्षमा नेमकी कोणाविषयी मागायची, हेही ठरविता आले नसते.

यावर असा आक्षेप येईल की या वह्या मालकांच्या हातच्या. त्यांत गुलामाचे बहुधा बाप्तिस्म्याचे नावच असते, आडनाव नाही, आईबापही नाहीत. आक्षेप खरा आहे. पण तेवढ्याने वही निरुपयोगी ठरत नाही. ज्या वंशजाला दगडही ठेवला नाही, त्याला एक नाव आणि एक तारीख यांची किंमत विचारून पाहावी.

आणि आपण? तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत जातिभेदाची भिंत उभी आहे, हे विसरून मोरेव्हियनांकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही. मृतांची नोंद ठेवावी असा दंडक रोमन विधिग्रंथाने १६१४ मध्येच घातला. तरी मुंबईत अनेक ठिकाणी जागेअभावी काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडली जाते, तेव्हा मागे उरते ती केवळ वही; आणि ती वही वाळवीच्या स्वाधीन करून तिच्यावर कुलूप घालणारे आपल्यातही आहेत. वहीच्या छायाप्रती घ्या, वंशजाला ती पाहू द्या, आणि नव्या नोंदीत नावापुढे ओळ व कबरीचा क्रमांक लिहा. यासाठी परिषद भरवावी लागत नाही. एक ओळ अधिक लिहायला कार्यालयातील लेखनिकाला असा किती वेळ लागतो?