मशीनच्या डबीतले पाय



ईद जवळ आली की कोल्हापुरात आपल्या मोहल्ल्यांतून रात्री उशिरापर्यंत शिलाई मशीनचा आवाज येत राहतो. गांधीनगरच्या बाजारातून आणलेले कापड घरोघरी शिवायला पडते. मग तक्रारीही सुरू होतात. दुपट्ट्याची कड चुण्या घेते, बुरख्याच्या चेनजवळची शिलाई वाकडी जाते, मखमलीवर वळ उठतात. आपण मशीनला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या हाताला. पुष्कळदा चूक असते ती सुईखालच्या पायाची, म्हणजे प्रेशर फूटची.

मशीनसोबत मिळालेली फूटची डबी आमच्याकडेही कित्येक वर्षे कपाटात तशीच पडून होती. शेजारणीचा जॉर्जेटचा दुपट्टा आमच्या हातून बिघडला, तेव्हा ती उघडली.

फूट कापड दाबून धरतो आणि खालचे दाते ते मागे सरकवतात. फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या सैल असतात. म्हणून वरचा दोरा ओवताना फूट वर ठेवावा आणि शिलाई सुरू करताना आठवणीने खाली सोडावा. नाहीतर कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो.

साध्या फूटला सुईसाठी लहानसे छिद्र किंवा अरुंद फट असते. सरळ शिलाईला तो उत्तम. झिगझॅग फूटची फट रुंद असते, कारण सुई डावी-उजवीकडे जाते. झिगझॅग मशीनवर अरुंद फटीचा फूट राहिला आणि टाका बदलला, तर सुई फूटवर आपटून तुटते. फूट बदलल्यावर पहिले दोन-चार टाके चाक हाताने फिरवूनच घालावेत.

चेनचा फूट एकाच बाजूला असतो. त्यामुळे सुई चेनच्या दातांच्या अगदी जवळून जाते. बुरख्याची चेन असो की गळ्याची पायपिन, हाच फूट लावावा.

हेमिंग फूटच्या तोंडाशी गोगलगाईसारखा वळसा असतो. तो कड आपोआप दुमडतो. आधी कड हाताने दोनदा बारीक दुमडून चार टाके घालावेत. सुई कापडात ठेवून फूट उचलावा, कड वळशात सरकवावी, फूट सोडावा आणि सावकाश शिवावे. कापडाची कड सरळ कापलेली हवी. पातळ कापडाला हा फूट छान, जाड शिवणीवर मात्र अडतो.

रेक्झिन साध्या फूटला चिकटते, त्यासाठी टेफ्लॉनचा फूट मिळतो. वाकळ शिवताना दाते खालचा थर ओढतात आणि वरचा मागे राहतो. तिथे वॉकिंग फूट लावला की दोन्ही थर बरोबर चालतात.

दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू बहुतेक घरगुती मशीनवर फूटच्या दांडीच्या वरच्या टोकाला असतो. मखमल, जॉर्जेट यांना दाब थोडा कमी करावा, जाड कापडाला वाढवावा. आमच्या त्या दुपट्ट्याच्या वेळी दाब जाड कापडाचाच राहिला होता.

नवा फूट घ्यायला जाताना जुना सोबत न्यावा. फूट खाली सोडून पट्टीपासून तो बसवायच्या स्क्रूपर्यंत मोजा. घरगुती मशीनला हे अंतर साधारण पाऊण इंच, तर कारखान्यातल्या मशीनला त्याहून जास्त असते. एकाचा फूट दुसऱ्याला बसत नाही.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचाही समावेश आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तिचा लाभ जरूर घ्यावा. पण नवी मशीन आली तरी डबी बंदच राहिली, तर तक्रारी जुन्याच राहतील.

गिऱ्हाइकाचे कापड आपल्याकडे अमानत असते. ते बिघडले की पैसे भरून देता येतात, पण ईदच्या सकाळी घालायचा जोडा परत देता येत नाही. म्हणून फूट बदलला की आधी त्याच कापडाच्या कातरणीवर एक वीतभर शिलाई मारून बघा. डबी आजच काढा आणि एकेक फूट लावून पाहा. इन्शाअल्लाह, या ईदला कुणाचे कापड बिघडणार नाही.