ठरवून बंद



सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक नेम ठरवला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की मोबाईल, टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. करोनात शाळाच मोबाईलवर आली होती. वर्ग पुन्हा भरले तरी पोरांच्या हातचा मोबाईल सुटेना. मग अंगणवाडीताई, आशाताई हा नेम पटवायला दारोदार फिरल्या.

मला यातलं सगळ्यांनी एकदम थांबणं फार मोलाचं वाटतं. एकट्यानं फोन ठेवला तर जीव त्यातच अडकतो, कुणी काय टाकलं असेल! सगळ्यांनीच ठेवला तर चुकण्यासारखं काही उरत नाही.

तरी सोशल मीडियाला सरसकट नावं ठेवायला मन धजत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा होडी हवी, औषध हवं, अमुक गल्लीत म्हातारी माणसं अडकलीत, असे निरोप व्हॉट्सॲपवरूनच फिरले. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल पेटली, एका तरुणाचा जीव गेला. तिथं इंटरनेट सरकारला बंद करावं लागलं. वडगावात लोकांनी आपणहून पडदा मिटला. या दोन बंदांमधलं अंतर मला अस्वस्थ करतं.

तुमच्या घरात, वाडीवर असा काही नेम आहे का? तो कसा ठरला, कुणामुळे मोडला, जरूर लिहा. पुढच्या अंकात छापू.