कोलेस्टेरॉल आटोक्यात, दाह मात्र धुमसताच

हृदयविकाराचा झटका नेहमी सर्वांत अरुंद झालेल्या धमनीतच येतो असे नाही. अनेकदा चरबीचा थर बेताचाच असतो, पण दाहामुळे त्यात शिरलेल्या पांढऱ्या पेशी त्याचे आवरण कुरतडून पातळ करतात. ते फाटले की रक्ताची गुठळी धमनी बुजवते.

हा दाहच शमवला तर? बोस्टनच्या पॉल रिडकर यांच्या गटाने झटका येऊन गेलेल्या 10,061 रुग्णांवर ते तपासले. 2017 मध्ये निकाल आला. कोलेस्टेरॉल न घटवताही, कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाच्या 150 मिलिग्रॅम मात्रेने झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी कमी झाले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, औषधही महागडे.

मग गाउट या सांधेविकारावरचे जुने, स्वस्त कोल्चिसिन पुढे आले. सह्याद्रीतल्या कळलावीतही हेच द्रव्य असते, म्हणून तिचा कंद विषारी. 2020 च्या चाचणीत रोज अर्ध्या मिलिग्रॅमने स्थिर हृदयरुग्णांचा धोका 31 टक्क्यांनी घटला. 2024 मध्ये, झटक्यानंतर लगेच गोळी दिलेल्या रुग्णांत फायदा दिसला नाही.

सरसकट गोळी नकोच. पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरले म्हणून फाइल मिटवणेही चूक आहे. अशा रुग्णाची सीआरपी या दाहदर्शक प्रथिनाची अतिसंवेदनशील तपासणी व्हायला हवी, आणि आकडा चढा निघाला तर तंबाखूची, पोटाच्या घेराची, दुखऱ्या हिरड्यांचीही चौकशी.