बळ कमवावें, विकत घेऊं नये

सोलापुरांत आज वजनें उचलण्याची व्यायामशाळा, लोकांच्या बोलींत 'जिम', बहुतेक पेठांतून दृष्टीस पडते. ती पाहून नाक मुरडणारे वृद्ध गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. ही परकीयांची नक्कल असून आपल्या जोर-बैठकाच बऱ्या, असें त्यांचें म्हणणें. आमचें मत निराळें आहे. वजन उचलून बळ कमावण्याची रीत आम्हांस साहेबानें शिकविली नाहीं. युजेन सँडो १९०४-०५ सालीं हिंदुस्थानांत आला, त्याच्या कितीतरी आधींपासून आमच्या तालमींत नाल उचलला जात होता व मुद्गल फिरत होते. तीं साधनें काय कापसाचीं होतीं?

यांतील शास्त्र सरळ आहे. स्नायूला नेहमींपेक्षां थोडें अधिक ओझें द्यावें, मग विसावा व पोटभर अन्न द्यावें, म्हणजे तो पूर्वींपेक्षां जाड व बळकट होतो. ओझें मात्र हळूहळू वाढवावयाचें. वयाची सबबही येथें चालत नाहीं. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत नव्वदीच्या घरांतील वृद्धांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करविला, तेव्हां त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्के वाढलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. दिवसभर गादीवर बसून मधुमेह जोडणाऱ्या व्यापारी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें कीं, रक्तांतील साखर खपविणारें मोठें कोठार म्हणजे स्नायूच होत.

कोणी म्हणेल, मागावर राबणाऱ्यास आणखी व्यायाम कशाला? परंतु यंत्रमागावरील कामगार तासन्‌तास उभा असतो आणि विडी वळणारी बाई तासन्‌तास मान घालून बसते. त्यांत पाठ आखडते, बोटें झिजतात, बाकीचें शरीर उपाशी राहतें. श्रम निराळे आणि व्यायाम निराळा.

आहाराविषयींही भ्रम फार. बळ डब्यांतील भुकटींतच आहे, अशी तरुणांची समजूत झाली आहे. शेंगदाण्यांत शेंकडा २५ च्या सुमारास प्रथिन असतें. डाळ, दूध, अंडीं यांची जोड दिली तर आमची ज्वारीची भाकरी व शेंगाचटणी कांहीं कमी पडत नाहीं. भुकटी ज्यास परवडेल त्यानें घ्यावी. पण तें अन्न आहे, जादू नव्हे.

आमची खरी तक्रार सुईविषयीं आहे. तीन महिन्यांत छाती फुगविण्याच्या घाईनें कांहीं तरुण स्टेरॉईड टोंचून घेतात. त्यांनीं स्नायू फुगतात खरे. परंतु वृषण आकसतात, बीज क्षीण होतें व हृदयास इजा पोंचते. मेफेन्टरमाईन हें तर शस्त्रक्रियेच्या वेळीं उतरलेला रक्तदाब चढविण्याचें औषध. थकवा कळूं नये म्हणून तें टोंचणें म्हणजे दमलेल्या बैलास पराणी लावणें होय. बैल पळतो, आणि कोसळतो. असलीं औषधें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकणारा १९४० च्या औषधविषयक कायद्याचा अपराधी आहे. कायदा आहे, उणीव आहे ती पुढें येऊन साक्ष देणाऱ्याची.

लोकमान्यांनीं डेक्कन कॉलेजांतील आपलें पहिलें वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यास दिलें. एक संपूर्ण वर्ष! तीन महिन्यांचा सौदा त्यांनीं केला नाहीं, म्हणूनच पुढें मंडालेचा तुरुंगवास त्यांना सोसला असें आम्हांस वाटतें.

उपाय आमच्याच हातीं आहे. उत्सवाच्या वर्गणींतून मिरवणुकीच्या कर्णकर्कश भिंतींवर जो पैसा उधळतो, त्याचा चौथा हिस्सा जरी पेठेच्या तालमीस मिळाला, तरी वजनें येतील व जाणता शिक्षक ठेवतां येईल. वर्गणी देतांना व्यापाऱ्यांनीं ही अट घालावी. तालमींत स्त्रियांसाठीं स्वतंत्र वेळ असावी. औषधविक्रेत्यांनीं आपल्यांतील लोभी दुकानदारास स्वतःच आवरावें.

१९३० सालीं या शहरानें लष्करी कायदा सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं धनशेट्टी, सारडा, शिंदे व कुर्बान हुसेन या आपल्या चार पुत्रांस फांसावर जातांना पाहिलें. त्या शहराच्या तरुणानें उसन्या बळावर छाती काढून फिरावें, हें आम्हांस शोभत नाहीं.