तेल ट्रॅक्टरच्या ब्रेकात चालते, पिकअपच्या बूस्टरात नाही

आज पिकाबद्दल नाही, पीक वाहून नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितो. काही जण म्हणतील, शेतीच्या पेजवर हे काऊन? तर भाऊ, आपला कापूस वणीच्या बाजार समितीत पिकअपनेच जातो, आणि त्याच रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. ऐन वेळी ब्रेक लागला नाही, तर भाव विचारायला माणूसच उरत नाही.

पिकअपचा ब्रेक कडक झाला की आपल्याकडे एकच निदान होते, "बूस्टर गेला, नवा टाका." मी काही मेकॅनिक नाही, दहावी पास शेतकरी आहे. पण हे निदान अर्धे आहे, हे ठासून सांगतो. बूस्टरचा पडदा जुना होऊनही फाटतो, मान्य. पण आत तेल सापडले आणि ते आले कुठून हे न पाहता नवा बूस्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार. झाड सुकले म्हणून दुसरे लावायचे आणि मुळाशी लागलेली हुमणी तशीच ठेवायची, त्यातला हा प्रकार.

आपल्या लोकांचा एक गैरसमजही आहे. "ट्रॅक्टरचे ब्रेक तर तेलातच बुडालेले असतात, मग थोडे तेल गेले तर बिघडले काय?" ट्रॅक्टरच्या ऑइल ब्रेकच्या चकत्या तेलात चालण्यासाठीच बनवल्या आहेत. पिकअपचा बूस्टर मात्र कोरडा डबा आहे. त्यात रबराचा मोठा पडदा असतो. पडद्याच्या पुढच्या बाजूची हवा ओढून घेतलेली असते. पॅडल दाबले की मागून बाहेरची हवा आत येते आणि पडदा पुढे ढकलते. हिशोब करून पाहा. 10 इंची पडद्याचे क्षेत्र साधारण 500 चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला 0.7 किलो दाबाचा फरक धरला, तरी 350 किलोचा जोर मिळतो. हा जोर गेला की ब्रेक पूर्ण जात नाही, पण सगळा भार एकट्या पायावर येतो. भरलेली गाडी मग थांबायच्या जागी थांबत नाही.

आता तेल येते कसे? डिझेल इंजिनात बूस्टरसाठी हवा ओढायला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. त्याला वंगण इंजिनाच्या तेलाचेच, आणि ते तेल परतीच्या नळीने इंजिनात उतरते. परतीची नळी दबली, ब्रीदर चोंदला किंवा इंजिनात तेल जास्त भरले, तर पंपात तेल साचते. गाडी बंद केल्यावरही बूस्टरमध्ये ओढ शिल्लक असते. मधला एकतर्फी वाल्व्ह खराब असेल, तर तीच ओढ पंपातले तेल बूस्टरमध्ये खेचते. फवारणी पंपाचा वॉशर रॉकेलने कसा फुगतो, हे आपण पाहिले आहे. ब्रेकच्या रबरालाही इंजिनाचे तेल मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते, फाटते.

म्हणजे दोष एका लहानशा वाल्व्हचा आणि हातभर नळीचा, आणि बिल मात्र पूर्ण बूस्टरचे. वर काही ठिकाणी तेलकट बूस्टर पेट्रोलने धुऊन परत बसवतात. हे तर पाप आहे. पेट्रोलही रबराचा वैरीच.

तपासणी घरीच होते. गाडी सपाट जागी, चाकाला दगड लावून उभी करा.

1. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पॅडल थोडे खाली गेले पाहिजे. नाही गेले तर ओढ मिळत नाही.

2. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा. पाच मिनिटांनी पॅडल दाबा. पहिलाच दाब दगडासारखा लागला, तर हवा कुठून तरी आत शिरते आहे. वाल्व्ह आणि नळी पाहा.

3. इंजिन बंद करून, पॅडल दाबून ओढ संपवा आणि मग नळी काढा. पंपाच्या तोंडाशी थोडा ओशटपणा चालेल. वाल्व्हच्या पुढे, बूस्टरच्या बाजूला तेल दिसले तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. वाल्व्हमधून हवा बूस्टरकडून पंपाकडे जावी, उलट जाऊ नये.

4. आत सापडलेला थेंब वाटीभर पाण्यात टाका. तरंगला तर इंजिनाचे तेल. विरघळला तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळते आहे. दोन्हींचा इलाज वेगळा.

आणि नळीच्या जागी ठिबकची किंवा फवारणी पंपाची नळी लावायचा जुगाड बंद करा. ती ओढीने चिपकते. व्हॅक्यूमचीच नळी घ्या, झोळ पडू देऊ नका, झोळात तेल साचते. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे तेल भरू नका.

गॅरेजवाल्या भाऊंना एक विनंती आहे. बूस्टर बदलाल तर जुना वाल्व्ह आणि नळी गिऱ्हाइकाच्या हातात द्या, तेल कुठून आले ते दाखवा, मग बिल करा. शेतकऱ्यांनीही हे दाखवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

कृषी विभागातले आणि विज्ञान केंद्रातले साहेब लोकही हे पेज वाचतात. आपण मेळाव्यात फवारणी पंप शिकवता, बीबीएफ यंत्र शिकवता, चांगलेच आहे. पण पीक बांधावर संपत नाही, ते बाजारात पोचले की संपते. वेचणीच्या आधी एखाद्या मेळाव्यात अर्धा तास या ब्रेकला द्या. कापसाच्या गाठोड्यांवर आमचीच लेकरं-मजूर बसलेले असतात. तसे बसू नये हे खरे, पण बसतात हेही खरेच.

बोंड पाहायला रोज झाडाखाली वाकता ना? आठवड्यातून एकदा बोनेट उघडून ती नळीही पाहा.